आमच्या व्हिस्की क्लबचा पाचवा माणूस

भुताखेताच्या गोष्टी मला आवडत नाहीत. अंगात येणं, भानामती... सगळी नाटकं, असं मी तरुणपणापासून म्हणत आले आणि आजही म्हणते. शाळा चौथीपर्यंतच झाली, पण तेवढी अक्कल आहे. तरी एक गोष्ट मला आजवर उलगडलेली नाही. नात म्हणाली, "आज्जी, या सदराला पाठव, लोक वाचतात." वाचा. पटलं नाही तर पान उलटा.

गोष्ट नव्वदच्या दशकातली. नेरूळला सिडकोच्या बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर आमचं घर. आमचे हे बोटीवर स्टुअर्ड होते. रिटायर झाल्यावर त्यांना एकच नाद उरला — व्हिस्की. ढोसायचा नाही, चाखायचा. महिन्यातल्या एका रविवारी दुपारी आमच्या हॉलमध्ये चौघं बसायचे. एक हे, यांना सगळे तात्या म्हणत. दुसरे सावंत, उरणकडे कंटेनरच्या गोदामात सुपरवायझर. तिसरे जोशी, ठाणे-बेलापूर रोडवरच्या एका केमिकल कंपनीत, लॅबमध्ये. चौथे पाटील, शेजारच्या शिरवणे गावातले, मूळचे इथलेच.

पाळीपाळीने एकेकाने बाटली आणायची आणि ती पेपरात गुंडाळून ठेवायची, म्हणजे नाव बघून कोणी वाहवा करायला नको. ओतायचं काम माझं. मी पीत नाही, मग कोणाला जास्त कोणाला कमी हा प्रश्नच नाही. आधी वास घ्यायचा, मग चमचाभर पाणी, मग एक घोट. त्यावर तासभर बडबड. मी म्हणायचे, एवढ्या वेळात माझी चार किलो भाजी निवडून होते.

कोणालाही एक पाहुणा आणता यायचा. पण एकदा कोणी मोठा ऑफिसर आला आणि तो म्हणेल त्याला सगळे माना डोलवायला लागले. तेव्हापासून यांनी नियम केला — बाटलीवरचा पेपर काढेपर्यंत पाहुण्याला नाव विचारायचं नाही, नोकरी विचारायची नाही, कोणी आणला तेही नाही. आणि पहिला वास पाहुण्याचा. तो 'घ्या' म्हणाला की बाकीच्यांनी तोंडाला लावायची.

त्या रविवारी पाळी सावंतांची होती. त्यांच्या मुलीचं लग्न ठरलं होतं. आल्या आल्या त्यांनी पेढे वाटले आणि म्हणाले, "वहिनी, आजची बाटली अशी आहे की तात्यांना बोट आठवेल!" मी ग्लास घेऊन बाहेर आले तर गॅलरीजवळच्या वेताच्या खुर्चीत एक माणूस बसलेला. पन्नाशीचा, इस्त्रीचा पांढरा बुशशर्ट, हात मांडीवर. कोणाचा तरी पाहुणा. मी पाचवा ग्लास आणला, ओतलं.

त्याने ग्लास उचलला, बराच वेळ नाकाशी धरला आणि खाली ठेवून तळव्याने झाकला.

"ही पिऊ नका."

हे म्हणाले, "का हो? काय खटकलं?"

"पिऊ नका," एवढंच.

सावंतांचं डोकं फिरलं. "अहो, फॉरेनचा माल आहे! आयुष्यात बघितलाय कधी?"

"सावंत, नियम म्हणजे नियम," जोशी म्हणाले.

"खड्ड्यात गेला नियम! फुकटची प्यायची आणि वर नाक मुरडायचं? फुकट्या साला!" असं म्हणून त्यांनी स्वतःचा ग्लास तोंडाकडे नेला.

तो माणूस रागावला नाही. त्याने फक्त हात लांब केला आणि सावंतांच्या ग्लासवर तळवा ठेवला. म्हणाला, "घरात लग्न आहे ना? मग नको."

सावंतांनी ग्लास आपटला. "जोशी, घेऊन जा ही बाटली तुझ्या लॅबमध्ये! खरी निघाली की याला माझ्या पाया पडायला लावतो!" आणि जाऊन दाराशी उभे राहिले, चपला शोधत.

मी म्हटलं, "बास! तमाशा रस्त्यावर करा, माझ्या घरात नको." ट्रे उचलला आणि सगळे ग्लास मोरीत ओतले. परत आले तर वेताची खुर्ची रिकामी.

"गेला बिचारा," हे म्हणाले. "सावंत, पाहुण्याचा अपमान केलात तुम्ही." सावंत चपला घालून निघून गेले. बाटली जोशींनी लॅबसाठी नेली. मला वाटलं, मोडला यांचा क्लब.

दोन-तीन दिवसांनी जोशी कंपनीतून थेट आमच्याकडे आले. दारातच विचारलं, "वहिनी, कोणी प्यायलं नाही ना? एक घोटसुद्धा?"

"नाही. का?"

त्यांनी पाणी मागितलं. "त्यात मेथिल अल्कोहोल निघालं. विष ते. आधी डोळे जातात, मग माणूस." पाणी प्यायले आणि म्हणाले, "आणि वहिनी, हे वासावरून कळत नाही. मला कळलं नाही, तात्यांना कळलं नाही. आम्हाला मशीन लागतं."

संध्याकाळी चौघं जमले. सावंतांचा चेहरा बघवत नव्हता. रस्त्यावर एकाकडून विश्वासाने घेतलेली बाटली. "तात्या, बोलवा त्यांना. पाय धरतो मी."

"मी कुठून बोलावू? जोशींचे पाहुणे ना ते?"

"माझे? मला वाटलं पाटलांच्या नात्यातले."

"आमचा कुठला?" पाटील म्हणाले. "मना वाटला सावंतांचा व्याही हाय. लगनाचा बोलला ना तो!"

"माझा व्याही असता तर मी त्याला फुकट्या म्हटलं असतं का?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले, कारण दार मीच उघडते. त्या दिवशी मी ते तीनदाच उघडलं होतं — जोशी, पाटील, सावंत. ओतायच्या गडबडीत तेव्हा ते ध्यानात आलं नाही. जाताना म्हणाल तर दाराशी सावंतच उभे होते. त्यांच्या बाजूने कोणी गेलं नाही. गॅलरीला ग्रिल होतं.

सावंतांनी पोलिसांत सांगितलं, पण बाटली विकणारा पसार झाला होता. मग ते त्या पाहुण्याला शोधायला लागले. कामावरून सुटले की सेक्टर-सेक्टर फिरायचे, शिरवण्यात विचारायचे. क्लबला येईनात. मुलीचं लग्न झालं, तेव्हाही तोंड पाडून उभे. शेवटी मीच त्यांच्या घरी गेले.

"जीव वाचवला त्याने, वहिनी, आणि मी त्याला शिवी दिली. माफी तरी कुणाची मागू?"

मी म्हटलं, "हे बघा भाऊजी, माणूस असेल तर एव्हाना विसरला असेल. माणूस नसेल तर तुमच्या शिवीने त्याचं काय बिघडणार? आणि तुमच्या ग्लासवर त्याने हात कधी ठेवला? शिवीच्या आधी की नंतर?"

ते हळूच म्हणाले, "नंतर."

"मग झालं तर."

एवढा मोठा माणूस, स्वतःच्या बायकोसमोर रडला. मी रडू दिलं, चहा प्यायले आणि घरी आले. पुढच्या रविवारी सावंत आले. उशिरा आले, पण आले.

आज त्या चौघांतलं कोणीच नाही. पण ते म्हातारपणी गेले, आपापल्या वेळेला. हे जायच्या आधी आठवडाभर हॉस्पिटलमध्ये होते. मी डबा घेऊन आत शिरले की लांबूनच म्हणायचे, "आज निळं लुगडं का गं?" शेवटपर्यंत दिसायचं त्यांना. तो माणूस कोण होता, आला कुठून, गेला कुठून... मला सांगता येत नाही.