हिराताईंचा चुकलेला आकडा

हिराताई गेल्याचं अंगणवाडीच्या मदतनीसबाईंनी फोनवर सांगितलं, तेव्हा मी नाचणी पाखडत होते. त्या रडत होत्या, मला मात्र रडू फुटेना... आठ वर्षं पोटात लपवलेली गोष्ट आता सांगायची कुणाला, एवढंच मनात येत होतं. महिना झाला, अजून तेच येतं.

हिराताई आमच्या तळेघर भागाच्या नर्स. दर महिन्याला अंगणवाडीत बाळं तपासायला यायच्या, एसटी चुकली तर चालत. वजन, उंची, टेपनं डोक्याचा घेर, मग खुळखुळा हलवून बाळ नजर फिरवतं का ते पाहणं. लस टोचताना बाळाशी अशा गप्पा मारायच्या की आयांनाच हसू यायचं. मला भीती फक्त वजनाची. आकडा त्या मोठ्यानं वाचायच्या आणि साऱ्या बाया ऐकायच्या. माझा समीर दोन महिन्यांचा झाला तरी वजन वाढेना. "हिच्या अंगावर दूधच न्हाई," हे सासूबाईंचं बोलणं गावभर झालं होतं. म्हणून मी सलग दोन महिने त्यांचे चांदीचे तोडे दुपट्याच्या घडीत लपवून पोराला काट्याच्या झोळीत ठेवलं. मूर्खपणा, दुसरं काय.

तिसऱ्या महिन्यात सासूबाई तोडे घालून येडगावला लग्नाला गेल्या. वजन घटलेलं निघालं. ताईंनी तीनदा करून पाहिलं. "मागचे दोन्ही आकडे माझेच चुकले गं," त्या म्हणाल्या. मी दुपट्याची घडी करत राहिले. मग त्यांनी समीरच्या छातीला नळी लावली आणि डोळे मिटून बराच वेळ ऐकत राहिल्या.

"दूध पिताना दमतो का? घाम येतो?"

"लई येतो, ताई."

त्याच दिवशी त्यांनी आम्हाला घोडेगावला नेलं, तिथून पुण्याला. हृदयाला भोक होतं. ऑपरेशन झालं, पोरगं वाचलं. दोन महिने आधी आणायला हवं होतं, असं डॉक्टर म्हणाले, ते ताईंनी मान खाली घालून ऐकलं. मी तेव्हाही बोलले नाही... पुढं वर्षभर त्या डोंगर चढून समीरला बघायला यायच्या. एकदा म्हणाल्या, "तुझ्या पोरापुढं मला अजून अवघडतं." मी चहा पुढं केला.

परवा जावेबरोबर तिच्या तान्ह्या मुलीला घेऊन अंगणवाडीत गेले. नव्या नर्सनं टोपडं, झबलं, दुपटं सगळं स्वतः उतरवलं, तेव्हा कुठं बाळ झोळीत ठेवलं.

"गारठंल की पोर," जाऊ कुरकुरली.

"हिराताईंची शिस्त आहे," नर्स म्हणाली. "माझ्या चुकीनं एक पोर जाता जाता राहिलं, असं त्या प्रत्येक नव्या नर्सला सांगायच्या."

"चूक त्यांची नव्हती," मी म्हणाले. नर्सनं कार्डावरून मान वर केली. "माझी होती," मी म्हणाले, आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात पहिल्यापासून सांगायला लागले.