तिसरी हाक

साठच्या दशकात मी सांगलीच्या एका कॉलेजात मराठी शिकवत होते. घरी संधिवातानं अंथरुणाला खिळलेली आई आणि मी, दोघीच. सकाळी तिचं अंग पुसायचं, तिला भरवायचं आणि तासाला पळायचं. आलं की पुन्हा तेच. त्यातून कशीबशी लिहिलेली माझी एक कथा दिवाळी अंकात छापून आली, आणि साताऱ्यातल्या एका साहित्यमंडळानं तिच्यावर चर्चा ठेवली. आईला शेजारच्या जैन काकूंवर सोपवून मी पहाटेची एसटी धरली.

कथा साधीच होती. आजारी आई आतून हाका मारते. मुलगी औषधाची बाटली हातात घेऊन उंबऱ्यावर बसून राहते आणि तिसऱ्या हाकेला आत जाते.

पहिल्यांदा संस्कृतचे एक वयस्कर प्राध्यापक बोलले. करुण रस आहे, पण त्याचा परिपाक होत नाही, अशी त्यांची खंत. दुसऱ्यांनी वर्गसंघर्षाचा चष्मा लावला. नोकरदार बाई घरीदारी कशी पिळली जाते, ते सांगितलं. मला पेंग येत होती. हेच चष्मे मी वर्गात मुलांना वाटायची. दुसऱ्याच्या कथेवर ते छान बसायचे.

मग मनोविश्लेषणाचा अभ्यास केलेला एक तरुण प्राध्यापक उठला. "बाई, तुमची नायिका उशीर करत नाहीये. ती वाट बघतेय."

"कशाची?"

"हाक थांबण्याची."

"माझ्या मनात तसं काही नव्हतं," मी म्हणाले.

"लेखिकेला ते ठाऊक असेलच असं नाही."

परतताना कराडच्या स्टँडवर चहा घेतला, तो हातातच निवला. त्या तरुण प्राध्यापकाचा राग यायला हवा होता. पण रागवायचंही त्राण नव्हतं, आणि तो खोटं बोलला नव्हता.

घरी पोचले तर आई माझी वाटच बघत होती. "काय म्हनली मान्सं?"

"आवडली म्हणाले."

"मग त्वांड का उतरलंय? वाच बघू मला."

तिला वाचता येत नव्हतं, आणि ही कथा मी तिला कधी ऐकवली नव्हती. वाचली.

"लय दमलीय गं ती पोर," आई म्हणाली. मग माझ्याकडे वळून, "मला फलटनला थोरलीकडं सोड म्हैनाभर. तिचीबी आईच हाय मी."

मी "नको" म्हणाले, पण त्यात जोर नव्हता. पुढच्या रविवारी तिला ताईकडे पोचवून आले. दार लावून आडवी झाले, ती दुसऱ्या दिवशी काकूंनी कडी वाजवली तेव्हा उठले. घर मोकळं होतं. मलाही हलकं वाटत होतं, आणि त्या हलकेपणाची लाज वाटायचीसुद्धा ताकद नव्हती.

महिन्याचे दोन महिने झाले. मग एका दुपारी वर्गातून परतताना, कुणी हाक न मारता, मला आईची आठवण आली. शनिवारी तिला आणायला गेले.