मोजणी चालू असेपर्यंत

अमेरिकेतल्या टूसॉन शहरातल्या कारखान्यातून निवृत्त होऊन कुका ब्राकामोंतेला बरीच वर्षं झाली. तरी जुन्या गोष्टी निघाल्या की ती हमखास म्हणते, "त्या यंत्राइतकं बावळट काही मी जन्मात पाहिलं नाही." म्हणताना तिचा आवाज मात्र हळवा होतो.

यंत्र म्हणजे त्या कारखान्यात बनणारं फितींचं कोठार. भिंतभर कपाटं, त्यांत संगणकाची माहिती साठवलेल्या फिती आणि हवी ती फीत काढून देणारा लोखंडी हात. त्याचा प्रोग्राम कुका लिहायची, नवी कपाटं लिओबार्दो जोडायचा. एक कपाट जोडलं, की तो हात जुन्या कपाटांसकट प्रत्येक फितीची चिठ्ठी पहिल्यापासून वाचत सुटायचा. घरात एक पाहुणा आला म्हणून घरच्यांनाही नावं विचारत बसावं, तसलं खूळ! ही मोजणी संपेपर्यंत लिओबार्दोला दुसऱ्या कामाला जाता यायचं नाही.

मग दोघं मागच्या मेस्कीटच्या झाडाखाली बसत. कुकानं घरून माचाका आणलेली असे, वाळवलेलं मांस कुटून, परतून, मोठ्या पातळ पोळीत गुंडाळलेलं.

"कुकिता, मिरचीला हात आखडलास का गं?"

"गेल्या खेपेला डोळे पुसत कोण बसलं होतं?"

"ते तुझ्या गोड बोलण्यामुळे!"

काय दिवस होते ते! तो विधुर, ही बिनलग्नाची. एरवी भेटायला निमित्त नव्हतं आणि निमित्ताशिवाय भेटायची दोघांचीही छाती नव्हती.

पुढे एका रुग्णालयानं असं कोठार घेतलं. कपाट वाढवलं, की मोजणी संपेतो तिथे रुग्णांच्या जुन्या तपासण्या निघेनात. कारखान्याच्या साहेबांनी ही मोजणी आटोपती करायचं काम कुकाच्या गळ्यात घातलं. उपाय तिला केव्हाचा सुचला होता: जुन्या कपाटांना कुणी हात लावला नसेल, तर त्यांची आधीची यादी खरी धरायची, नवं कपाट तेवढं मोजायचं. पण ती चालढकल करत राहिली. एके दिवशी रुग्णालयातून आलेला फोन नेमका तिनंच उचलला.

"एका आजारी पोरीच्या जुन्या तपासण्या निघत नाहीयेत, तिची आई समोर बसलीय हो. काय सांगू तिला?"

कुकानं फोन ठेवला आणि रडत रडत प्रोग्राम पुरा केला.

पुढच्या खेपेला लिओबार्दोनं कपाट जोडलं. लोखंडी हात त्या एका कपाटासमोरून फिरला आणि थांबला.

"झालं?" त्यानं विचारलं.

"झालं."

"तूच केलंस ना हे?"

तिनं मान डोलावली. त्यानं हत्यारं आवरली. वेळ वाचणार म्हणून साहेबांनी त्याला त्याच दिवशी फिनिक्स शहरातलं काम लावून दिलं होतं. दाराशी तो घुटमळला.

"छान केलंस, कुकिता. मी मात्र दर वेळी देवाला म्हणायचो, आज मोजणी लांबू दे."

"मग हे मला सांगायचं होतंस की, गाढवा!" कुका एवढ्यांदा ओरडली, की शेजारच्या खोलीतली माणसं बाहेर आली.

लिओबार्दो कानापर्यंत लाल झाला. मग तीच म्हणाली, "रविवारी घरी ये. आणि आल्यावर उठायची घाई करायची नाही."