त्या दिवशी तो प्यायलेला नव्हता

लेथवरच्या माझ्या जोडीदाराला कारखान्यात सगळे मुका म्हणत. क्वार्टर आत गेली की मात्र पोटातलं सगळं ओठावर यायचं. पोरं म्हणायची, “मुक्याला पाजा, मग ऐका.” पाजणाऱ्यांत मीही होतो.

एकदा त्याने चाळीस शाफ्ट बारीक कापले. सगळे भंगारात. ड्रॉइंगवरचा आकडा तेलाने पुसट झाला होता. तीन की आठ, कळेना. मापं तपासणारा इन्स्पेक्टर दहा पावलांवर बसलेला. हा विचारायला गेला नाही, अंदाजाने कापत राहिला.

साहेब म्हणाले, “प्यायला असणार. सहा महिने दारूशिवाय काढ, नाहीतर घरी बस.”

व्यसनमुक्ती केंद्रातून तो आधी दोनदा पळाला होता. तिथे गोलात बसवून प्रत्येकाला बोलायला लावत. पाळी यायच्या आत हा चपला घालून बाहेर.

“भावोजी, यांना सुटायचंच नाही,” त्याची बायको, आमच्या वहिनी, मला म्हणाल्या. “नुसती नाटकं.”

तिसऱ्या वेळी वहिनी आणि मी, दोघंही त्याच्यासोबत गेलो. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, “शाफ्ट वाया गेले त्या दिवशी किती घेतली होती?”

त्याच्याऐवजी मीच बोललो, “थेंबही नाही. प्यायला असता तर जाऊन विचारलं असतं.”

बाईंनी पेन खाली ठेवलं. “म्हणजे बोलायची भीती दारूच्या आधीची. कधीपासून?”

तो म्हणाला, “शाळेपासून.”

“वीस वर्षं संसार केला, मला नाही सांगितलंत?” वहिनी म्हणाल्या.

“सांगायला बोलावं लागतं.”

मग दारू आणि भीती, दोन्हींवर एकदम उपचार सुरू झाले. गोळ्या होत्याच. गोलात आधी फक्त दाराजवळ बसायचं. शिवाय रोज एका अनोळखी माणसाला एक प्रश्न विचारायचा. तो वेळ विचारायचा.

“मनगटावर घड्याळ बांधून?” मी म्हटलं.

“काढून खिशात ठेवतो.”

एवढ्यासाठी त्याचा सदरा घामाने भिजायचा. मी जन्मभर लोखंड उचललं. एवढी मेहनत क्वचित पाहिली. सातव्या आठवड्यात तो गोलात चार वाक्यं बोलला.

चौथ्या महिन्यात घसरला. साडूने ग्लास हातात दिला आणि याला नाही म्हणता आलं नाही. सकाळी स्वतः नंबर लावून त्याने बाईंना सांगितलं. तिथून कारखान्यात आला, साहेबांच्या केबिनच्या दारात घटकाभर थांबला, मग आत गेला.

साहेबांनी ऐकून घेतलं. म्हणाले, “सहा महिने आजपासून धर. जा, मशीन लाव.”