भिंतीपलीकडचा कान

दवाखान्यातून परतताना भाऊजी आणि वहिनी पूल ओलांडत होते. मधेच थांबून भाऊजींनी वहिनींना आपल्या उजव्या हाताला घेतलं. गाड्यांपासून सांभाळताहेत, असं बघणाऱ्याला वाटलं असतं. पण कानाच्या डॉक्टरांसमोर वहिनीही बसल्या होत्या. भाऊजींचा डावा कान जवळजवळ गेलाय, उजव्याला बारीक, चिरके आवाज येत नाहीत आणि यंत्र लावलं तरी ते परत येतीलच असं नाही, हे त्यांनीही ऐकलं होतं.

बस समोरच उभी होती, तरी भाऊजी म्हणाले, चालत जाऊ. घरी बायकोला कसं सांगायचं ते वाटेत सुचेल, असं त्यांच्या मनात असावं.

हे वहिनींचे धाकटे दीर. जन्मभर छापखान्यातल्या मशिनी दुरुस्त केल्या, कान तिथेच गेले. निवृत्तीनंतर लोक बागेत फिरायला जातात. यांनी मागच्या खोलीत कॉम्प्युटरवर चालणारं मिलिंग मशीन बांधायला घेतलं. मोटरी भंगारातल्या, सांगाडा घरचाच. कॉम्प्युटर सांगेल तसं कटर सरकायचं आणि लाकडातून, धातूतून वस्तू कोरून काढायचं. पहिलं मशीन इतकं खिळखिळं होतं, की गोल काप म्हटलं तर अंडं कापायचं. "आता उबवायला ठेवा," धाकटी जाऊ म्हणाली होती. भाऊजींनी ते सुटं करून जाड पट्ट्यांवर पुन्हा उभं केलं. त्या दुसऱ्या मशीनवर शेजारच्या आजोबांच्या चाकाच्या खुर्चीचा ब्रेक झाला, बाजारात मिळेनासं झालेलं शिलाई मशीनचं दातेरी चाकही झालं. जाऊ मशीनला सवत म्हणायची. सवतीचं तेलपाणी उरकलं असेल तर जेवायला या, हे बोलावणं वहिनींच्या स्वयंपाकघरात रोज ऐकू यायचं. मधे एकच भिंत.

त्या भिंतीतून कटरचं घुमणंही यायचं. पोळ्या लाटताना वहिनींच्या तोंडी देवाचं नाव असे, ते कधी त्या घुमण्याच्या लयीत बसलं, त्यांचं त्यांनाही कळलं नाही.

मागच्या आठवड्यात ती लय मोडली. आवाज चढत चढत किंकाळीवर गेला. वहिनी कणकेच्या हातांनीच धावल्या. ॲल्युमिनियमचा कीस कटरला चिकटून बसला होता, कटर रडत होतं, आणि भाऊजी शेजारी उभे राहून शांतपणे चष्मा पुसत होते. वहिनींचा हात मशीन बंद करायच्या लाल बटणापर्यंत पोचायच्या आत कटर तुटलं. तुकडा दाराच्या चौकटीत घुसला. दारात चहाचा कप घेऊन जाऊ उभी होती.

ती दुसऱ्या दिवशी एवढंच म्हणाली, की कान दाखवून या. ऐकू येत नसेल, तर सवत या घरात राहणार नाही.

"यंत्र लावलं की बोलणं ऐकू येईल म्हणाले डॉक्टर," गल्लीच्या तोंडाशी भाऊजी म्हणाले. "बोलणं मला आत्ताही नको तेवढं येतं, वहिनी. कटरचं रडणं यायला हवं."

वहिनींना हसू आलं, पण त्यांनी ते आवरलं. मशीनला झाकण का नाही बसवत, त्यांनी विचारलं. जाड, पारदर्शक प्लास्टिक कापून तयार आहे, आजच बसवतो, भाऊजी म्हणाले. त्याने माणूस वाचेल, काम नाही वाचणार. डोळ्यांना बिघाड दिसतो तोवर सगळं होऊन गेलेलं असतं.

"तिच्यापासून काही लपवणार असाल, तर मी गप्प बसायची नाही," वहिनी म्हणाल्या. "मला देवासमोर हात जोडायचे असतात."

"सगळं सांगणार आहे. तुमच्यादेखत." ते थोडे चालले. "पण त्या दिवशी कटर तुटायच्या आधीच तुम्ही निघाला होतात. कसं कळलं?"

वहिनी संकोचल्या. "माझा जप अडखळला," त्या म्हणाल्या.

भाऊजी फाटकापाशी थांबले. आत पायरीवर जाऊ वाट बघत बसली होती. त्यांनी उजवा कान वहिनींकडे वळवला, उत्तर नीट ऐकू यावं म्हणून, आणि आवाज खाली आणला.

"मशीन चालू असेल तेवढा वेळ जप माझ्या खोलीत बसून कराल का? अडखळलात, की लाल बटण दाबा."