बुडाशी कापलेला आलेख

श्रीपतमामा गेल्याचा निरोप मला एसटीच्या कंडक्टरने दिला. मी धाडला शाळेत शिकवते. सकाळची बुलढाण्याहून येणारी गाडी शाळेसमोर थांबली, कंडक्टर फाटकाशी आला आणि म्हणाला, "बाई, तुमचे मामा गेले. मामीनं सांगून पाठवलं." गाडी पुढच्या गावाहून परत येईपर्यंत मी फाटकातच उभी होते, हाताला खडू तसाच. रडू येत नव्हतं. शेवटच्या भेटीत मी मामांशी भांडून निघाले होते, त्यालाही महिना होऊन गेला होता आणि माझा राग तेव्हाही उतरला नव्हता.

दहाव्यानंतर त्यांच्या कचेरीतल्या मंडळींनी शोकसभा घेतली. अध्यक्षस्थानी त्यांचे जुने साहेब, आता निवृत्त. साहेब म्हणाले, "श्रीपतरावांना आकृत्या काढण्याचा मोठा छंद. फार निरुपद्रवी माणूस." सगळ्यांनी माना हलवल्या. मी पहिल्या रांगेत बसले होते आणि माझ्या अंगाची लाही लाही होत होती. छंद? बारा वर्षं दर रविवारी एक माणूस पाठीचा कणा मोडेस्तोवर बोर्डावर वाकतो, त्याला छंद म्हणायचं? आणि म्हणायचं कोणी, तर याच साहेबांनी? पण उठून बोलायचं तर मामांचीही एक गोष्ट सांगावी लागली असती, म्हणून गप्प बसले. घरी आल्यावर त्या गप्प बसण्याचाच जास्त संताप आला. म्हणून आता लिहिते आहे.

मामा ट्रेसर होते. दुसऱ्याने काढलेल्या नकाशावर मेणचट ट्रेसिंग कापड पसरायचं आणि खालच्या रेघा काळ्या शाईने जशाच्या तशा उतरवायच्या, हे त्यांचं काम. स्वतःची रेघ ओढायची नाही, हा त्या कामाचा पहिला नियम. नोकरीत त्यांनी तो इमानाने पाळला. रविवारी मात्र आंघोळ आणि चहा झाला की ते ड्रॉइंग बोर्ड मांडीवर घेऊन खिडकीखाली बसत. आठवड्याच्या वर्तमानपत्रात, शेतीच्या पत्रकात, खताच्या कॅलेंडरवर, जिथे कुठे आलेख छापलेला दिसेल तिथून एक निवडत आणि आलेखकागदावर तो नव्याने काढत. आकडे तेच, आकृती वेगळी. एकदा एका पत्रकात कापूस दुप्पट झाल्याचं दाखवायला दुप्पट उंच आणि दुप्पट रुंद बोंड छापलं होतं. मामांनी मला बोलावलं. "पाह्य बरं, दुप्पट दिसते का चौपट?" मी म्हटलं, चौपट. "मंग! कास्तकाराले काय वाटन? सगळ्याइचं पिकलं, माह्यंच नाई पिकलं." त्यांनी सारख्या मापाची बोंडं काढली, आधी एक, शेजारी दोन. त्याची एक प्रत ठेवून दिली, दुसरी टपालाने छापणाऱ्याला पाठवली. सोबत पत्र, अतिशय नम्र. उत्तर यायचं नाहीच. एका संपादकाने मात्र कळवलं, की आपली चित्रकला सुबक आहे, एखादं निसर्गचित्र पाठवावं. ते पत्र मामांनी मला वाचून दाखवलं आणि हसले. मला तेव्हाही हसू आलं नव्हतं.

मामी वैतागायची. "लोकं रविवारी देवळात जाते, हे दुसऱ्याच्या चुका काढत बसते," असं म्हणून ती चहाचा कप बोर्डापासून हातभर लांब ठेवायची, कारण एकदा सांडला होता. त्या घरात मी सहा वर्षं काढली. मामांजवळ बसून मी आलेख काढायला शिकले. त्यांची शिस्त कडक होती. आकडे हाती आले तरी आधी कागदाच्या तळाशी शून्याची रेघ ओढायची, मगच वरचं सगळं. "बूड नसलं त काही उभं राह्यत नाई, सुमन." हे वाक्य मी माझ्या वर्गात आजही म्हणते.

आता मी त्या घरात का गेले ते सांगते. धाडच्या अलीकडे आमचं गाव. नवं राज्य झालं त्या सुमारास गावात मुलींची वेगळी शाळा होती आणि शिकवायला एक बाई होत्या. त्याच वर्षी एका कचेरीने प्रगतीची पुस्तिका छापली. तिच्यात कुठल्या गावी किती मुली शाळेत येतात, ते उभ्या पट्ट्यांनी दाखवलं होतं. इतर गावांचे पट्टे ताडमाड आणि आमच्या गावाचा पट्टा असा, की डाग पडलाय असं वाटावं. वरून कोणी पाहुणे आले, त्यांनी पुस्तिका चाळली, त्या पट्ट्यावर बोट ठेवलं आणि विचारलं, एवढ्याशासाठी वेगळी शाळा कशाला? दिवाळीनंतर बाईंची बदली झाली. मुलींनी मुलांच्या शाळेत बसावं असं ठरलं, आणि मोठ्या मुलींना मुलांत बसवायला गाव तयार झालं नाही. माझे वडीलही म्हणाले, "झालं तेवढं बस." माझी मैत्रीण शांता गणितात माझ्या कितीतरी पुढे होती. तिचं पुढल्या उन्हाळ्यात लग्न लागलं. मग एके दिवशी बुलढाण्याहून मामा आले, वडिलांशी तासभर बोलले आणि माझी पेटी उचलून मला घेऊन गेले. एवढा मोठ्या मनाचा माणूस कोणाला लाभतो, असं मी जन्मभर सांगत आले.

शेवटच्या भेटीत मामा अंथरुणावर होते, दम्याने धड बोलता येत नव्हतं. मी माझ्या शाळेचा हजेरीचा आलेख दाखवायला नेला होता, शून्याच्या रेघेवर उभा केलेला. त्यांनी तो बराच वेळ पाहिला.

"तुमच्या गावचा पट्टा मीच कापला होता, सुमन."

मला कळेना. मग त्यांनी थांबत थांबत सांगितलं. "आकृती पानात बसत नव्हती. साहेब म्हने, खालून काप. वीसपासून सुरू कर. सगळ्याइचं सारखंच कापतो आपन, कोनाचं काय जाते? ... मले दिसत होतं काय होऊन राह्यलं ते. तुमच्या गावच्या पोरी तेवीस. वीस कापल्यावर राह्यले तीन चौकोन. दुसऱ्या गावी पस्तीस, त्याइचे राह्यले पंधरा."

"मंग बोलले काऊन नाई?"

"नोकरी कच्ची होती माही."

सगळ्यांचं सारखंच कापतो! बैलाच्या आणि वासराच्या पाठीवर सारखंच ओझं टाकायचं आणि त्याला न्याय म्हणायचं. आणि हे कळण्याइतकी नजर असलेला माणूस त्या खोलीत एकच होता, तोच कापत बसला. मी विचारलं, "म्हनजे मले आनलं ते प्रायश्चित्त होतं?" ते म्हणाले, "हाव." "आनि बाकीच्या पोरी?" मामीने वाढलेलं ताट तसंच सोडून मी बसस्टँडवर आले. नंतर पत्रही लिहिलं नाही. त्याचं दुःख मला आहे, खूप आहे. पण राग खोटा होता असं म्हणणार नाही. साहेबांवर तर तो आहेच. कापा म्हणणारा माणूस पेन्शन खातो, शोकसभेला अध्यक्ष होतो, आणि ज्याला त्या कापण्याने आयुष्यभर झोप लागली नाही तो निरुपद्रवी ठरतो.

गेल्या आठवड्यात मामीने मामांची पत्र्याची पेटी माझ्या हवाली केली. तिच्यात बारा वर्षांचे रविवार नीट गठ्ठे बांधून ठेवले होते. मी एकेक कागद पाहिला. जगभराचे आलेख त्यांनी दुरुस्त केले होते. सगळ्यात खाली ती पुस्तिका होती आणि तिच्यात घडी घातलेला एक आलेखकागद. तळाशी शून्याची रेघ, रेघेखाली त्यांच्या सुबक अक्षरात गावांची नावं, आमचं पहिलं. वर काहीच नव्हतं. घडीवर कागद झिजून फाटायला आला होता, इतक्या वेळा तो उघडला गेला असावा.

काल रविवार होता. मी मामांच्या खिडकीखाली बसले, बोर्ड मांडीवर घेतला. मामीने चहा आणला आणि सवयीने हातभर लांब ठेवला. इतर गावांचे पट्टे मी पुस्तिकेतल्या आकड्यांवरून भरले. आमच्या गावाला आकडा लागला नाही. शून्याच्या रेघेवरचा पहिला चौकोन काळ्या शाईने भरला आणि शेजारी बारीक अक्षरात लिहिलं, शांता. मग त्यावर दुसरा, मग तिसरा. तेवीस नावं मला पाठ आहेत. माझा चौकोन मी सगळ्यात शेवटी भरला.

त्याची एक प्रत पेटीत ठेवली आहे. दुसरी आज टपालाने साहेबांच्या घरी गेली.