साहेबांनी पाठ केलेली टाकी

भाऊजींनी माशाची टाकी साफ केली, इथवर ठीक होतं. त्यांनी ती नीटनेटकी केली, तिथे घात झाला.

वहिनी बहिणीचं नवं घर लावून द्यायला गेल्या होत्या. जाताना बजावून गेल्या होत्या, की माशाला तेवढं खायला घाला, बाकी कशाला हात लावू नका. पण भाऊजी पडले पाट्या रंगवणारे. अक्षरं ओळीत बसवण्यात जन्म गेलेला, वाकडं काही दिसलं की त्यांच्या हाताला खाज सुटायची. आणि टाकीत तर सगळाच सावळागोंधळ. गोटे कसेही पडलेले, मधे एक पालथी कुंडी, तीही कललेली. भाऊजींनी गोटे फिक्यापासून गडदपर्यंत रांगेत लावले, कुंडी माळ्यावर टाकली आणि मधोमध चार मनोऱ्यांचा प्लॅस्टिकचा किल्ला उभा केला. मग कमरेवर हात ठेवून लांबून पाहिलं. फक्कड जमलं होतं.

साहेबांनी पहिली धडक मनोऱ्याला दिली, दुसरी काचेला.

साहेब म्हणजे टपोऱ्या डोळ्यांचा काळा गोल्डफिश. समोर कुणीही येऊन उभं राहिलं तरी दखल घ्यायचा नाही, म्हणून दादांनी, म्हणजे वहिनींच्या नवऱ्याने, त्याला हे नाव दिलेलं. भाऊजींना वाटलं, नवा थाट पाहून बुजला असेल, सवय होईल. सवय कसली होते? नाकाजवळचे खवले निघाले. दाणे टाकावेत तर ते तरंगून तरंगून बुडायचे आणि साहेब शाळेत शिक्षा झाल्यासारखे भिंतीकडे तोंड करून उभे. इकडे भाऊजींच्याही घशाखाली घास उतरेना. मासे विकणाऱ्याला फोन लावला, तर तो म्हणाला, डोळे बघा त्याचे. भाऊजींनी बघितले. दुधावर साय धरावी तसे दोन्ही पांढुरके. आपल्या हातून एक जीव आंधळा झाला, अशी त्यांची खात्रीच पटली.

वहिनींना कळवायची छाती होईना. कळवायची वेळही आली नाही, कारण संध्याकाळी त्या दारातच उभ्या राहिल्या.

वहिनी बाहेरच्या खोलीत शिवणकाम करत. तोंडात कायम टाचण्या, त्यामुळे बोलणं मोजकंच, आणि निघे तेही टोचे. गिऱ्हाइकांशी मात्र साखर. अंगाने सुटलेल्या माणसाला त्यांनी कधी जाड झालात असं म्हटलं नाही. कापडच आटलं हो, म्हणत आणि शिवण उसवून देत. घरच्यांच्या वाट्याला ही साखर फारशी यायची नाही.

भाऊजींनी एका दमात सगळा गुन्हा कबूल केला. वहिनी किल्ल्याकडे बघत म्हणाल्या, आणला तेव्हापासूनच त्याला दिसत नाही. दुकानात बाकीचे मासे त्याच्या वाटचं खाऊन टाकायचे, म्हणून तर याला उचलला.

"भाऊजी, त्याने ही टाकी कधी पाहिलेलीच नाही, पाठ केलीय. तुम्ही पुस्तकच बदललंत."

भाऊजी माळ्यावर चढले ते दोन पायऱ्या गाळून. वहिनींनी कोपरापर्यंत हात बुडवून आधी किल्ला बाहेर काढला, मग गोटे विस्कटले. कुंडी तर त्यांनी अंगावर कपडा बेतावा तशी बसवली. जरा कलती, अजून जरा, हां. तिच्या उतरत्या बाजूला अंग घासत साहेब उजव्या कोपऱ्यात पोचायचे आणि तिथे त्यांचं जेवण असायचं. आता ती वाट त्यांना आठवते का, एवढाच प्रश्न होता. उपाशी मासा किती दम धरणार?

वहिनींनी बोटात शिवणाचं पत्र्याचं टोपण चढवलं, काचेच्या कोपऱ्यावर रोजच्यासारखी टकटक केली आणि चिमटीत दाणा धरून पाण्यात सोडला. साहेब ढिम्म. पुन्हा टकटक. दादा जेवणाचं ताट हातात घेऊनच आले. पडदे न्यायला आलेल्या बाई पडदे विसरून काचेला नाक लावून उभ्या राहिल्या, त्यांना भाऊजींनी हाताने मागे सारलं. साहेबांचं शेपूट हललं. निघाले, आणि चुकीच्या बाजूला निघाले. दादा नकळत "उजवीकडे, उजवीकडे" पुटपुटू लागले. साहेब काचेजवळ थबकले, वळले, कुंडीला अंग लागलं आणि तिथून जे सुटले ते थेट कोपऱ्यात. पहिला घास हुकला. दुसरा गट्ट.

पडदेवाल्या बाईंनी टाळी वाजवली, दादांच्या ताटातली वाटी कलंडली. भाऊजींना तर काय करू नि काय नको असं झालं. त्यांनी हट्टच धरला, मला एकदा भरवू द्या. वहिनींनी टोपण काढून दिलं, ते कसंबसं त्यांच्या करंगळीच्या टोकावर बसलं. भाऊजींनी श्वास रोखून टकटक केली. साहेब सरळ त्यांच्या चिमटीशी आले आणि त्यांनी दाणा ओढून घेतला.

"वहिनी, बघितलंत? माझ्याकडे आला. मनात काही ठेवलं नाही हो त्याने."

वहिनी मशीनवर जाऊन बसल्याही होत्या. वर न बघताच म्हणाल्या,

"दिसत नाही, म्हणून आला."